तीनदा दिलेलं वाक्य

खराडी, पुणे
९ सप्टेंबर २०२४

बाबा,

पान तुमचंच चुकलं होतं. हे मी तेव्हाही सांगितलं आणि आजही तेच सांगतो. तुम्ही मात्र गप्प. दोन वर्षं होत आली, मी फोन केला की तुम्ही तो उचलून ललिताच्या हातात देता, जसा काही मी बहिणीलाच केला. दुसऱ्या कोणाचा बाप असता तर निदान चार शिव्या तरी दिल्या असत्या. तुमच्याशी भांडायचं म्हणजे दोन्ही बाजूंची वाक्यं मीच बोलायची.

म्हणून पत्र. लिहिलेला कागद हातात आला की वाचल्याशिवाय तुम्हाला राहवत नाही, हे मला ठाऊक आहे. भज्यांचा तेलकट कागदसुद्धा उलटून वाचता. तेव्हा हेही वाचाल. अक्षराला नावं ठेवू नका, सातवीतून सुटलेल्याचं आहे.

ललिता सांगत होती, यंदाही गावच्या नाटक मंडळानं प्रॉम्प्टरची वही तुम्हाला दिली नाही. बावीस वर्षं तुम्ही रंगमंचापुढच्या त्या खड्ड्यात बसलात, गुडघ्यावर वही आणि डोक्यावर एक बल्ब. आपल्याकडे पाठ करून कोण येतं? आधी तुम्ही म्हणायचं, मग नटानं. राजाही आधी तुम्हीच, त्याची राणीही तुम्हीच. आणि एका वाक्यासाठी सगळं गेलं.

पहाटेच्या शेवटच्या अंकात धाकटा भाऊ मी होतो. थोरल्यासाठी भरलेला विषाचा पेला मी मागून घ्यायचा. "दे दादा, तो पेला माझा." म्हणायचं, प्यायचं, पडायचं, पडदा. वाक्य आलं नाही. मी उभा, थोरला उभा, पेला मध्येच. लोक आधी गप्प होते, मग हसले, मग खुर्च्या अंगावर आल्या. वाक्यच आलं नाही तर मी काय बोलणार होतो? तेच मी कोंडीराम काकांना सांगितलं. ते अध्यक्ष, विचारणारच. "काय गा महिपती, पान पलटलं काय तुयं?" आणि तुम्ही काय म्हणालात? "असन." असेल म्हणे, बस. बावीस वर्षं दुसऱ्यांना वाक्यं दिलीत आणि स्वतःसाठी तुमच्याकडे एवढंच निघालं.

घरी येऊन मला म्हणालात, "सटवीनं लिवलं ते खोडाले रबर नाई भेटत." त्याच आठवड्यात मी पुण्याची गाडी धरली. जन्माच्या सहाव्या दिवशी कोणी येऊन कपाळावर काय लिहून गेलं ते मला वाचता येत नाही, आणि जे वाचता येत नाही ते मी मानत नाही.

इथं माझं चांगलं चाललंय, हे सांगायलाच खरं तर लिहितोय. चौदा मजल्यांच्या काचेच्या इमारती आहेत. मी बाहेरून दोराला लटकून काचा पुसतो. आत कॉम्प्युटरवाले बसतात. बाहेरचं त्यांना काही ऐकू जात नाही, म्हणून मी मोठ्यानं संवाद म्हणतो. परवा अकराव्या मजल्यावर विष प्यायचा प्रसंग केला. पेला नव्हता, फवाऱ्याची बाटली घेतली. आत मीटिंग चालू होती, भिंतीवर आकडे लावलेले. एक बाई आकड्यांकडे न बघता माझ्याकडे बघत होती. दुपारी खाली आली.

"अकराव्या मजल्यावर मेलास तो तूच ना?"

मी म्हटलं, हो.

"छान मेलास. मान जरा जास्त टाकलीस. संध्याकाळी काय करतोस?"

त्यांचं नाव हेमाताई. नारायण पेठेत एका शाळेच्या हॉलमध्ये त्यांचा हौशी ग्रुप नाटक बसवतोय, स्पर्धेसाठी. मी जायला लागलोय. आता तुम्हीच सांगा, माझ्या कपाळावर हे लिहायला सटवी काय अकराव्या मजल्यावर दोराला लटकली होती?

शंभू


खराडी
२९ सप्टेंबर २०२४

बाबा,

उत्तर आलं नाही. येईल असं वाटलंही नव्हतं. ललिता म्हणाली, पत्र वाचलंत आणि घडी घालून टोपीत ठेवलंत. टोपीत म्हणजे फेकलं नाही. मला तेवढं पुरे.

नाटकाचं नाव 'दरवाजा नंबर सात'. हेमाताईंनीच लिहिलंय. एका लहान मुलाला देवऋषी सांगतो, तुझ्या हातानं तुझं गाव बुडेल. मुलगा मोठा होतो आणि भीतीनं गाव सोडून दूर जातो. नोकरी मिळते ती धरणावर, दरवाजांची चाकं फिरवायची. एका वर्षी धरण तुडुंब भरतं. वरून हुकूम येतो, सातवा उघड. सातव्याचं पाणी त्याच्याच गावाकडे जातं. तो उघडतो. शेवटी गावातला एक म्हातारा त्याच्याकडे येतो. त्याचं घर, माणसं, सगळं गेलेलं. म्हातारा म्हणतो, "तुझा दोष नाही पोरा, तुझ्या नशिबातच होतं." त्यावर हा काय म्हणतो, तिथं नाटक संपतं.

हे तुम्हाला आवडेल. सगळं आधीच ठरलेलं.

मुख्य काम सौमित्र करतो. कॉम्प्युटरवालाच आहे, उंच, आवाज चांगला. त्याचं आणि हेमाताईंचं रोज वाजतं. तो म्हणतो, "तो माणूस बाहुली आहे. देवऋषीनं प्रोग्रॅम लिहिला, हा रन झाला. ट्रॅजेडी म्हणजे सुटका नाहीच." हेमाताई म्हणतात, "मग लोकांनी दोन तास काय बघायचं? बाहुली? ती तुळशीबागेत स्वस्त मिळते." असं तासभर चालतं. हॉलची किल्ली बाळकाकांकडे असते. ते शनिवार पेठेत राहतात, कचेरीतून निवृत्त झालेत, आणि कोपऱ्यात पेपर वाचत बसतात. परवा पेपर न हलवता म्हणाले, "नशीब की माणूस ते ठरवा सावकाश. हॉल नऊला बंद होतो हे ठरलेलं आहे. बाहेर पाटीही आहे."

मग हेमाताईंनी मला विचारलं, तुला काय वाटतं. मी तर चहाचे पेले गोळा करत होतो. मी म्हटलं, "हुकूम त्याला नीट ऐकू आला होता?"

"आला होता."

"खाली गाव आहे हे ठाऊक होतं?"

"होतं."

"मग हुकूम ऐकला तेव्हापासून चाकाला हात लावेपर्यंत किती वेळ गेला?"

सौमित्र म्हणाला, हे लिहिलेलं नाहीये. हेमाताईंनी वहीत काहीतरी टिपलं. हे मला कसं सुचलं ते तुम्ही विचारू नका.

आणि एक. पुण्यात सगळे पाठ करतात, वाक्य देणारा नसतोच. मी म्हटलं, तालमीपुरतं मी देतो. सौमित्र म्हणाला, "मला गरज पडत नाही." दुसऱ्या दिवशी चार ठिकाणी पडली. आता मी प्रॉम्प्टर. खड्डा नाही, प्लास्टिकची खुर्ची आहे. तुमच्यासारखंच करायला जातो आणि माझ्याच लक्षात येतं की तुम्ही वाक्य दिलं की ओठ मिटून मान वर करायचात. मी लहानपणी समजायचो, बाबा दम घेतात. दम नव्हता तो. तुम्ही त्याला बघत होतात, घेतो की नाही घेत.

शंभू


खराडी
२१ ऑक्टोबर २०२४

बाबा,

मोठी बातमी आहे, पण ती आधी सांगितली तर तुम्ही बाकीचं वाचणार नाही. म्हणून क्रमानं.

शनिवारी पूर्ण तालीम होती. सौमित्रचे वडील पहिल्यांदाच बघायला आले होते. त्यांना हे नाटक वगैरे अजिबात पटत नाही. "ऑफिसात बढती नाकारून हा चेहऱ्याला रंग लावतो," असं त्यांनी बाळकाकांना ऐकवलं. बाळकाका म्हणाले, "बढती मिळालेले पुष्कळ आहेत, त्यांचे चेहरे आपण बघतोच."

धरण भरल्याचा प्रसंग. सौमित्रचं लक्ष वडिलांकडे. एक वाक्य गेलं. मी दिलं. पुन्हा दिलं. तिसऱ्यांदा जवळजवळ ओरडून दिलं. तो माझ्याकडे बघत होता, ऐकत होता, पण तोंड उघडेना. मग त्यानं एकदम पुढच्या पानावर उडी मारली आणि सगळा प्रसंग कोसळला. वडील घड्याळात बघायला लागले.

हेमाताई उठल्या. "कोणी गाळलं?"

आणि मी म्हणालो, "मी. माझं पान पलटलं."

कसं निघालं तोंडातून, मला कळलं नाही. म्हणजे कळलं. सौमित्रचे वडील बघत होते म्हणून म्हणालो. आज पोरगा पडला तर ते परत कधी येणार नाहीत, म्हणून. हेमाताईंनी मला झाडलं. मी मान खाली घालून उभा राहिलो.

बसमध्ये बसलो आणि खराडी येईपर्यंत मला एकच दिसत होतं. त्या पहाटे आपल्या मंडपात पहिल्या रांगेत वडशाच्या नाटक कंपनीचे मालक बसले होते, पांढऱ्या शालीत. ते मला बघायला आले होते, पुढच्या सीझनला घ्यायचं म्हणून. मला ते दुसऱ्या दिवशी समजलं. तुम्हाला आधीपासून माहीत होतं. कोंडीराम काकांनी तुम्हाला विचारलं तेव्हा तुम्ही त्यांच्याकडे बघितलं नाहीत, त्या शालीकडे बघितलंत. मग म्हणालात, असन.

मी दोन वर्षं सगळ्यांना सांगत आलो की माझा बाप नशिबापुढं मान टाकतो. बाबा, तुम्ही मान टाकली नव्हती. तुम्ही ठरवलं होतं. आणि ठरवून झाल्यावर ते सटवीच्या नावावर घातलंत, म्हणजे मला ओझं नको.

आता सौमित्रचं. रविवारी तो सगळ्यांसमोर उभा राहिला. वडिलांना परत घेऊन आला होता, कसं आणलं देव जाणे. म्हणाला, "काल माझ्याकडून गेलं. शंभूनं तीनदा दिलं होतं. मी ऐकलं होतं." त्याचे वडील म्हणाले, "चला, नाटकात जाऊन खोटं बोलायला शिकला नाही, एवढं तरी बरं." ही पुण्यातली शाबासकी आहे. सौमित्रचे कान लाल झाले.

मी खुर्चीवर बसलो होतो, माझेही झाले. त्याला एक रात्र लागली. मला किती लागणार आहेत?

आता बातमी. तो तिथंच हेमाताईंना म्हणाला, "रोज हा सांगतो आणि मी म्हणतो. त्यापेक्षा हाच म्हणू दे. मी म्हातारा करतो." हेमाताईंनी मला उभं केलं आणि शेवटचा अंक वाचायला लावला. वाचला कसला, पाठच होता. तुमच्या पोराला वही लागत नाही.

मुख्य काम माझं आहे.

शंभू


खराडी
२८ नोव्हेंबर २०२४

बाबा,

पहिला नंबर. प्राथमिक फेरीच्या चोवीस नाटकांत. अभिनयाचं रौप्यपदक मला. सातवी सुटलेल्या, दोरावर लटकणाऱ्या शंभूला. पदक देणारे गृहस्थ म्हणाले, कुठल्या संस्थेत शिकलात? मी म्हटलं, खड्ड्याच्या काठावर. ते हसले. त्यांना काय कळलं कोण जाणे.

पण नंबरासाठी हे पत्र नाही.

मला एक खोड आहे, तुम्ही लावलेली. वाक्य पाठ असलं तरी बोलायच्या आधी मी थांबतो. आधी कोणीतरी म्हणेल अशी कानाला सवय आहे. हेमाताई वैतागायच्या. "शंभू, कोणाची वाट बघतोस? बस येणार आहे का?" सौमित्र विंगेतून चुटक्या वाजवायचा. महिनाभर घासून घासून सगळीकडची खोड काढली. एका जागची जाईना. म्हातारा म्हणतो, तुझ्या नशिबातच होतं, आणि यानं म्हणायचं, "चाक माझ्या हातात होतं." ते शेवटचं वाक्य. तिथं माझी जीभ अडायचीच. शेवटी हेमाताई म्हणाल्या, "इथली राहू दे. तू मला विचारलं होतंस ना, मध्ये किती वेळ गेला. एवढा गेला."

स्पर्धेच्या दिवशी हॉल भरलेला. सौमित्र म्हातारा होऊन माझ्यापुढं बसला, माझा हात हातात घेतला आणि म्हणाला, "तुझा दोष नाही पोरा." इतक्या मायेनं म्हणाला की वाटलं, हो म्हणून टाकावं. नाही माझा दोष. किती सोपं होतं. तेवढ्यात मला तुमचा आवाज ऐकू आला. या नाटकातलं वाक्य नव्हतं.

"दे दादा, तो पेला माझा."

एकदा. मग जरा मोठ्यानं. मग तिसऱ्यांदा, माझं नाव घेऊन. ऑर्गन आणि तबला एवढे जोरात होते की तुमच्या शेजारी बसलेल्या ऑर्गनवाल्यालाही ऐकू गेलं नसेल. मला गेलं. लहानपणापासून माझा कान तुमच्यावरच लागलेला.

ऐकलं होतं मी, बाबा. तिन्ही वेळा. पान पलटलं नव्हतं.

मला फक्त बघायचं होतं, नाही बोललो तर काय होतं. दुसरं काही कारण नाही, दोन वर्षं शोधलं. दहाव्या वर्षापासून तुम्ही म्हणाल ते म्हणालो, म्हणाल तेव्हा रडलो, म्हणाल तेव्हा मेलो. त्या पहाटे थोरल्यानं पेला पुढं केला आणि वाटलं, आज नाही मरत. बघू काय होतं ते. त्यात ना नशीब होतं ना सटवी. मी होतो. मग लोक हसले, खुर्च्या आल्या, मी घाबरलो आणि तुमच्यावर ढकललं. तोही मीच. न बोलल्याची मला लाज नाही, हे खरं सांगतो. ढकलल्याची आहे.

एवढं सगळं मी त्या थांब्यात उभा राहून बघितलं. मग वाक्य म्हणालो. हेमाताई म्हणतात, मी नऊ सेकंद थांबलो. त्या नऊ सेकंदांत कोणी खोकलं नाही, आणि पुण्यात लोक खोकल्याशिवाय नाटक बघत नाहीत. पडदा पडला तरी टाळ्या नाहीत. मला वाटलं, झालं, आता इथंही खुर्च्या येणार. मग आल्या टाळ्या. थांबेचनात. सौमित्रनं मला उचललं, अजून म्हाताऱ्याच्याच मेकअपमध्ये. बाळकाका आत आले, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "ठीक होतं." सौमित्र म्हणाला, "शंभू, हे लिहून फ्रेम कर. पंधरा वर्षांत मला 'बरं होतं' पर्यंतसुद्धा पोचता आलं नाही."

मी हसत होतो, उड्या मारत होतो, आणि मला एवढं हलकं कधीच वाटलं नव्हतं. तुम्हाला वाईट वाटेल, पण खरं आहे. माझं मी केलं हे कळल्यावर माणूस रडायला पाहिजे. मला नाचावंसं वाटलं.

आता जे केलंय ते निस्तरतो. कसं, ते ठरलंय.

शंभू


खराडी
९ डिसेंबर २०२४

बाबा,

मंडळाला पत्र पाठवलंय, कोंडीराम काकांच्या नावानं. तुम्हाला आधी कळावं म्हणून इथं उतरवतो:

'दोन वर्षांपूर्वीच्या नाटकात महिपती प्रॉम्प्टर यांनी शेवटच्या अंकातलं वाक्य तीनदा दिलं. मी, त्यांचा मुलगा शंभू, ते तिन्ही वेळा ऐकलं आणि मुद्दाम बोललो नाही. नंतर मी खोटं सांगितलं की वाक्य आलं नाही. पान पलटलेलं नव्हतं. जत्रेच्या नाटकाला पहिली घंटा व्हायच्या आधी हे सगळ्यांसमोर माईकवर वाचून दाखवावं, ही विनंती.'

कोंडीराम काकांचा काल फोन आला. माझी ड्युटी चालू होती, मी खाली उतरून घेतला. म्हणाले, "पोट्ट्या, हे माईकवर वाचलं तं गावात तोंड दाखवता यीन काय तुले?"

मी म्हटलं, "दाखवायला येणारच आहे, तुम्ही वाचा."

"लोकं शिव्या देतीन."

"देऊ द्या."

"अन् तुया बापानंच नोको वाचू म्हटलं तं?"

तुम्ही तसं म्हणू शकता. तुम्ही दोन वर्षं ती चूक अंगावर घेऊन फिरलात, आता ती मला परत देणार नाही असंही म्हणाल. म्हणून तुम्हालाच सांगतो. तेव्हा तुम्ही ठरवलंत, मला विचारलं नाहीत. आता माझी पाळी. काकांना मी सांगितलंय, बाबा काहीही म्हणोत, वाचायचं.

कंपनीत सीझन मिळेल की नाही याची काळजी करू नका. मी इथं माझं बघतोय.

शंभू


खराडी
१४ जानेवारी २०२५

बाबा,

ललितानं मला सगळं सांगितलं, फोनवर, दोनदा. दुसऱ्यांदा मीच सांगायला लावलं.

माईक शिट्टी मारत होता म्हणून कोंडीराम काकांनी पत्र दोन वेळा वाचलं. म्हणजे माझी बेअब्रू दोन वेळा. मागून कोणीतरी ओरडलं, "बोलवा त्या पोट्ट्याले." कोणी हसलं. तुम्ही मंडपाच्या टोकाला, बायकांच्या दोरीपाशी, घोंगडी घेऊन बसला होतात. काका वही घेऊन गर्दीतून तुमच्यापर्यंत चालत आले आणि म्हणाले, "घे गा महिपती. चुकलं आमचं." सगळा मंडप मान वळवून बघत होता. तुम्ही वही घेतलीत, दोन पानं चाळलीत, आणि लोकांना वाटलं आता महिपती बोलेल, दोन वर्षांचं बोलेल.

तुम्ही म्हणालात, "मंग? घंटी द्या."

आणि जाऊन खड्ड्यात उतरलात. ललिता सांगत होती, लोकांनी त्यावर ज्या टाळ्या दिल्या तशा हिरोच्या एंट्रीलाही पडत नाहीत. हे सांगताना ती रडत होती, मी हसत होतो. माझा सुपरवायझर म्हणाला, लॉटरी लागली काय रे?

मग गुरुवारचा तुमचा फोन. मी नवव्या मजल्यावर होतो. लटकलेलं असताना फोन घ्यायला मनाई आहे. पण नाव तुमचं होतं, ललिताचं नाही. खाली येईपर्यंत दोनदा वाजून बंद झाला. मी लावला. तुम्ही म्हणालात, "बोल."

आणि माझ्याकडे एक शब्द नव्हता. पाच पत्रं लिहिली, पन्नास पानांचं नाटक पाठ केलं, आणि 'बोल' म्हटल्यावर काही नाही. तुम्हाला ऐकू येत असेल, मी नुसता श्वास घेत होतो. तुम्हीही वाक्य दिलं नाहीत. तुमच्या मागं कोंबडी ओरडत होती, लांबून कोणीतरी ललिताला हाक मारत होतं, आणि तुम्ही थांबलात. मी बोलेपर्यंत. शेवटी मी म्हटलं, जेवलात का? मला माहीत आहे, यापेक्षा चांगलं काही म्हणता आलं असतं.

तुम्ही म्हणालात, "हो." मग म्हणालात, "मी त्या धरणावाल्याच्या जागी असतो तं सहावा उघडला असता."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. म्हणजे पत्रं नुसती टोपीत नव्हती. तुम्ही बसून विचार करत होतात, सातवा न उघडता काय करता आलं असतं. "हुकूम मोडला असता?" मी विचारलं. तुम्ही म्हणालात, "हुकूम पाणी सोडाचा होता. दाराचा नंबर वरच्यानं सांगतला. वरच्याले गाव कुठं मालूम?" बाबा, हे तुम्ही म्हणालात. खोडायला रबर मिळत नाही म्हणणारा माणूस.

हेमाताईंना सांगितलं. आधी पाच मिनिटं हसल्या, मग गंभीर झाल्या आणि म्हणाल्या, "सहाव्याचा विचार मी कधीच केला नव्हता. तुझ्या वडिलांना बोलाव. मला त्यांच्याशी भांडायचंय." सौमित्र म्हणाला, "मी त्यांच्या बाजूनं." तो बाहुलीवाला. बाळकाका म्हणाले, "त्यांना वेळ कळवा, नऊनंतर हॉल मिळणार नाही."

शेवटची फेरी पुण्यातच आहे, सोळा फेब्रुवारीला, रविवारी. मी तुम्हाला या म्हणत नाही. तुमचाही सीझन चालू आहे, आणि आता वही तुमच्याकडे आहे, म्हणजे गावाची नाटकं तुमच्याशिवाय उभी राहणार नाहीत. आलात तर सौमित्रकडे राहायची सोय आहे, त्याचे वडील स्वतःहून म्हणाले. गाडी गोंदियाहून आहे, रात्रभराची, खालचा बर्थ मागून घ्या. नाही आलात तर राग नाही, खरंच नाही. ललिता म्हणते, वही आता हात लांब करून धरता. तसं असेल तर ब्रह्मपुरीला जाऊन डोळे तपासून घ्या.

म्हणजे तिकीट की चष्मा, ते तुम्ही ठरवा. मी दोन्हीतलं एकही धरून चाललेलो नाही. पदकासोबत जे पैसे मिळाले ते हेमाताईंनी सगळ्यांना सारखे वाटले, त्यातला माझा वाटा आहे, त्यात पगारातले काही घातलेत. ललिताच्या खात्यावर आज सकाळी पाठवले, तिकिटाचे म्हणा की चष्म्याचे.

तुमचा,
शंभू

ता.क. पाठवलेत ते तीन हजार एकशे साठ रुपये.